भिंतीवरची ओल

२०१८ सालचा गुढीपाडवा रविवारी आला होता. लेकीच्या बाल्कनीत गुढी उभारून काकू नातवाला श्रीखंड भरवत होत्या, तोच फोन वाजला. द्वारकेतल्या त्यांच्या स्वतःच्या सोसायटीतून, त्यांच्या फ्लॅटच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचा तो फोन होता.

"बहेनजी, आमच्या स्वयंपाकघराचं छत गळतंय. काल प्लास्टरचा तुकडा थेट शेगडीवर पडला. तुमच्या भाडेकरूंना दोनदा सांगितलं. ते म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे."

काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. सणाच्या दिवशी आणि तेही घराबद्दल!

तो फ्लॅट म्हणजे काकूंचा जीव की प्राण. १९७९ साली लग्न होऊन त्या सांगलीहून दिल्लीला आल्या. करोलबागेतल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एका खोलीत, त्यांचा संसार सुरू झाला. पुढे त्यांनाही केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी लागली आणि सरकारी क्वार्टर मिळाले. पण निवृत्तीनंतर डोक्यावर स्वतःचे छप्पर हवे, ही काळजी होतीच. आज जिला द्वारका म्हणतात, ती त्या वेळी पप्पनकलाँ म्हणून ओळखली जाई. दिल्ली विकास प्राधिकरणाने तिथे नवे उपनगर आखले आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांना जमिनी दिल्या. नवराबायको अशाच एका संस्थेचे सभासद झाले. दिवाळीला नवी साडी नाही, गावी जायचे तर दोन वर्षांतून एकदा, असे करत त्यांनी हप्ते भरले. १९९८ साली किल्ली हातात आली. मेट्रो द्वारकेपर्यंत पोहोचली ती ३१ डिसेंबर २००५ ला. तोपर्यंत दोन-दोन बस बदलून दोघे ऑफिस गाठत.

२०१३ मध्ये काकू निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी काकांचे निधन झाले. लेक द्वारकेतच, दोन सेक्टर पलीकडे राहत होती. नातवाला सांभाळायला काकू तिच्याकडे आल्या आणि फ्लॅट भाड्याने दिला. भाडेकरू होते लातूरकडचे एक तरुण जोडपे. मुलगा गुडगावच्या एका कंपनीत नोकरीला. गणेशोत्सवात ओळख झाली, मराठी बोलणारी माणसे भेटली, काकू हरखून गेल्या. "आपल्याच माणसांकडून कसला कागद लिहून घ्यायचा?" असे त्या म्हणत होत्या. लेकीने हट्ट धरला म्हणून अकरा महिन्यांचा छापील करार झाला आणि एका महिन्याचे डिपॉझिट घेतले. पण घर देताना कुठे काय आहे, कोणती वस्तू कशा अवस्थेत आहे, याची यादी केली नाही की फोटो काढले नाहीत. दीड वर्ष भाडे अगदी वेळेवर येत होते. त्यामुळे काकूही निर्धास्त होत्या.

त्या रात्री घरात सगळ्यांचाच पारा चढला. जावई म्हणाले, "आई, सरळ वकिलाची नोटीस पाठवा. महिन्याभरात घर खाली करा म्हणावं. ऐकलं नाहीत तर पाणी बंद करू." काकूंना झोप आली नाही. उठून त्यांनी दिव्याखाली चार पाने लिहून काढली. विश्वासघात, खोटेपणा, माझ्या दिवंगत पतीच्या कष्टाचे घर, आमच्या माणुसकीचा हा मोबदला, सगळे त्यात होते. भिंतीला काय झाले आहे, एवढेच त्यात नव्हते. कारण ती भिंत काकूंनी अजून पाहिलीच नव्हती.

ही चूक काढली काकांच्या एका जुन्या मित्राने. सरकारी नोकरीत सारी हयात कायद्याच्या फायलींत गेलेला हा माणूस. सोमवारी सकाळी काकू ती चार पाने घेऊन त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि कागद घडी करून परत दिले.

"वहिनी, हे तुमच्याजवळच ठेवा. मन हलकं व्हायला बरं आहे. पण हे पत्र वाचून पोरगा दुरुस्त काय करणार? यात दुरुस्तीचं नावच नाही."

मग त्यांनी कायदा समजावून सांगितला. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याचे १०८ वे कलम घरमालक आणि भाडेकरू या दोघांची कर्तव्ये सांगते. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर ती लागू होतात. भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीत ठेवायचे आणि त्याच स्थितीत परत करायचे. मात्र रोजच्या वापराने होणारी झीज त्याच्या माथी मारता येत नाही. रंग फिका पडला, उंबरठा झिजला, तर तो घरमालकाचा खर्च. मालकाने वाजवी वेळी येऊन घर पाहावे आणि दोष दिसला तर तशी सूचना द्यावी. तो दोष भाडेकरूच्या किंवा त्याच्या माणसांच्या कृतीने अथवा हलगर्जीपणाने झाला असेल, तर सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याने तो दुरुस्त करून द्यायचा.

"आणि दिल्लीचा भाडे नियंत्रण कायदा?" काकूंनी विचारले.

"तो १९५८ चा. पण महिना साडेतीन हजारांवर भाडं असलेल्या घरांना तो १९८८ च्या दुरुस्तीनंतर लागू होत नाही. तुमचं भाडं त्याच्या कितीतरी वर. तरी त्या कायद्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घराचं मोठं नुकसान केलं म्हणून भाडेकरूला बाहेर काढण्याची तरतूद त्यात आहे. पण त्यानं ठरवून दिलेल्या मुदतीत दुरुस्ती केली किंवा भरपाई दिली, तर त्या कारणासाठी बाहेर काढता येत नाही. म्हणजे कायद्यालाही आधी भिंत नीट व्हायला हवी आहे. आणि पाणी बंद करण्याचं मनातही आणू नका. आज तक्रार तुमची आहे, उद्या त्याची होईल."

काकूंनी घरी येऊन फोन केला. "उद्या संध्याकाळी सहाला प्लंबरला घेऊन येते. तुम्ही दोघं असाल ना?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग मुलीचा बारीक आवाज आला, "हो काकू, या."

मंगळवारी दार उघडले तेव्हा घर चकचकीत आवरलेले होते. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांची नजर भिंतीवर खिळली. सिंकच्या बाजूला, कमरेइतक्या उंचीवर कालनिर्णय लटकत होते. वाकल्याशिवाय तारीख दिसू नये अशा जागी कॅलेंडर कोण लावते? त्यांनी ते उचलले. मागे परातीएवढा ओलसर डाग होता आणि रंगाचे पोपडे सुटले होते. त्याच्या वर पाणी शुद्ध करण्याचे नवे यंत्र बसवलेले होते. शेजारच्या कडप्प्याच्या ओट्यालाही एक चीर गेली होती.

मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. "काकू, यंत्र बसवणाऱ्यानं ड्रिल मारलं तेव्हा थोडं पाणी आलं होतं. त्यानं काहीतरी भरून बंद केलं. मग महिन्याभरानं डाग दिसायला लागला. ओट्यावर खलबत्त्यात ठेचा कुटताना चीर गेली, तीही माझ्याच हातून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

उत्तर नवऱ्याने दिले. याआधीच्या घरमालकाने भिंतीला चार खिळे ठोकले म्हणून त्यांचे सगळे डिपॉझिट ठेवून घेतले होते आणि आठ दिवसांत घर सोडायला लावले होते. "तुम्हीही जा म्हणाल, असं वाटलं. चुकलंच आमचं."

काकू काही बोलल्या नाहीत. मुलगा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला गच्चीवर गेला. मुलगी दारात आलेल्या शेजाऱ्यांशी बोलायला बाहेर गेली. तेवढ्यात प्लंबरने दोन फरशा काढून भिंत फोडली. ड्रिलच्या टोकाने पाइपला पडलेले भोक स्वच्छ दिसत होते. पण त्याने बॅटरीचा झोत वीतभर खाली नेला. तिथे लोखंडी पाइपचा एल्बो गंजून सच्छिद्र झाला होता आणि त्यातूनही पाणी झिरपत होते.

"हे जुनं आहे, माताजी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "वीस वर्षं बोअरवेलचं खारं पाणी गेलंय यातून. ड्रिल लागलं नसतं तरी वर्षा-दोन वर्षांत फुटलंच असतं. पण मी हा बदलून झाकून टाकतो. कुणाला कळणार आहे?"

खरेच, कुणालाही कळले नसते. मुलाने चूक कबूल केली होती. सगळा खर्च त्याच्यावर टाकला असता तरी तो मान खाली घालून देऊन मोकळा झाला असता. आणि काकूंना आठवत होते, तीन वर्षांपूर्वी सोसायटीने जुने लोखंडी पाइप बदलून घेण्याचे पत्रक काढले होते. पेन्शनीत खर्च नको म्हणून त्यांनीच ते कपाटात ठेवून दिले होते.

त्या रात्रीही काकूंना झोप लागली नाही, पण कारण वेगळे होते. त्यांना करोलबागेतली बरसाती आठवली. नव्याने संसार करणाऱ्या काकूंच्या हातून एकदा रॉकेलचा स्टोव्ह भडकला आणि खिडकीची लाकडी चौकट जळाली. घरमालकीण होत्या फाळणीत लाहोरकडचे सगळे सोडून आलेल्या एक पंजाबी आजी. नव्या सुनेला वाटले, आता रस्त्यावर यावे लागणार. आजी वर आल्या, आधी हात भाजला का ते पाहिले, मग सुताराला बोलावले. चौकटीचा सगळा खर्च त्यांनी काकूंकडूनच घेतला, एक रुपयाही सोडला नाही. पण तीन महिन्यांत वाटून घेतला, प्रत्येक वेळी वहीत मांडून सही केली आणि शेवटचा हप्ता आला त्या दिवशी त्या पानावर आडवी रेघ मारली. त्यानंतर पाच वर्षे काकू तिथे राहिल्या, पण आजींच्या तोंडून त्या खिडकीचा उल्लेख पुन्हा कधी आला नाही. फुकट माफी मिळाली असती तर काकू जन्मभर ओशाळ्या राहिल्या असत्या. हिशेब चुकता झाला म्हणूनच त्यांना पुढे आजींच्या डोळ्याला डोळा देऊन बोलता आले.

सकाळी काकूंनी नवे पत्र लिहिले. ते एका पानात मावले. मित्राने फक्त तारखा आणि आकडे तपासले. मायना मात्र जुनाच राहिला.

"चि. दोघांना आशीर्वाद.

"दि. २० मार्च रोजी तुमच्या उपस्थितीत प्लंबरसह घर पाहिले. पुढील गोष्टी आढळल्या. एक, स्वयंपाकघराच्या भिंतीतील पाइपला ड्रिलने भोक पडले आहे. ते बुजवणे, भिंत व फरशा पूर्ववत करणे यास ५,२०० रुपये खर्च आहे, तो तुमच्याकडे. दोन, त्याच पाइपचा एल्बो जुना होऊन गंजला आहे. तो व त्याखालचा पाइप बदलण्यास ३,६०० रुपये लागतील; तो खर्च माझा. तीन, या दोन्ही गळत्यांमुळे खालच्या घराचे छत बिघडले. त्याचे प्लास्टर व रंग मिळून ७,००० रुपये. ते आपण निम्मे-निम्मे द्यायचे. चार, ओट्याची चीर सांधण्यास १,८०० रुपये, ते तुमच्याकडे. हॉलचा रंग उडाला आहे व खिळ्यांची भोके आहेत. ती रोजच्या वापरातली झीज आहे, त्याबद्दल काही मागणे नाही.

"तुमच्याकडे एकूण १०,५०० रुपये होतात आणि माझ्याकडे ७,१००. गळती थांबू शकत नाही, म्हणून पाइपचे काम याच आठवड्यात करून घेऊ. पैसे तुम्ही २२ जूनपर्यंत तीन हप्त्यांत दिलेत तरी चालेल. प्लंबरच्या दरपत्रकाची प्रत आणि फोटो सोबत आहेत. वेगळ्या कारागिराकडून दर काढायचा असेल तर चार दिवसांत कळवा. यातले काही चुकीचे वाटले तर तेही लिहून कळवा.

"यापुढे भिंतीला ड्रिल लावण्यापूर्वी मला एक फोन करा. आणि काही बिघडले तर त्याच दिवशी सांगा. सांगितल्याबद्दल मी कधीही घर सोडायला सांगणार नाही."

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक काकूंनी स्वतः नेऊन दिली आणि दुसरीवर पोचल्याची सही घेतली. मित्राच्या सांगण्यावरून आणखी एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह गेली. ती हातात पडताच मुलाचा फोन आला. आवाजात नाराजी होती.

"काकू, मी पैसे देतो म्हटलं होतं ना? मग घरातल्या घरात रजिस्टर पत्र कशाला?"

"अरे, ते माझ्याइतकंच तुझ्यासाठी आहे. उद्या मी नसले तर माझ्या जावयाला कसं कळेल, की एल्बो माझा होता आणि तू तुझे पैसे चुकते केलेस? तोंडचा शब्द माणसाबरोबर जातो. कागद मागे राहतो."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एल्बोचं तुम्ही लिहिलं नसतं, तर आम्हाला कळलंही नसतं."

"मला तर कळलं होतं ना!" काकू म्हणाल्या.

पाइपचे काम त्याच शनिवारी झाले. एप्रिल, मे आणि जून असे साडेतीन हजारांचे तीन हप्ते आले. प्रत्येक हप्त्याची काकूंनी पावती दिली आणि शेवटच्या पावतीवर "हिशेब पूर्ण" असे लिहून खाली रेघ ओढली. खालच्या गृहस्थांचे छत रंगवून झाले. त्या वर्षी दिवाळीचा फराळ तिन्ही घरांतून तिन्ही घरांत फिरला.

ज्यांचे घर भाड्याने दिलेले आहे, किंवा जे दुसऱ्याच्या घरात राहत आहेत, त्यांच्या रोजच्या उपयोगाचे या गोष्टीत बरेच काही आहे. नुकसानीची सूचना म्हणजे भांडणाची सुरुवात नव्हे. ती चांगली लिहिली तर भांडण तिथेच संपते. आधी डोळ्यांनी पाहावे, मग लिहावे. काय बिघडले, कशामुळे बिघडले, कोणी काय करायचे, किती खर्चात आणि किती मुदतीत, एवढे पुरे. झीज वेगळी काढावी आणि आपला वाटा आधी मांडावा. डिपॉझिट घर सोडतानाच्या हिशेबासाठी असते, मधल्या काळातल्या धमकीसाठी नसते. महाराष्ट्रात घर असेल तर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाही पाहावा लागतो. घर चांगल्या स्थितीत राखण्याची जबाबदारी तोही घरमालकावर टाकतो.

पुढे २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. राज्यांनी आपापले कायदे करावेत म्हणून तयार केलेला तो नमुना आहे. कोणती दुरुस्ती कोणाकडे, याची यादीच त्यात जोडलेली आहे. भिंतींचा रंग, पाइप बदलणे आणि विजेचे वायरिंग घरमालकाकडे. नळाचे वॉशर, बटणे, खिडक्यांच्या काचा, दारांची कुलपे भाडेकरूकडे. मूळ बांधकामाची दुरुस्ती मालकाची, पण नुकसान भाडेकरूने केले असेल तर नाही. घर पाहायला यायचे तर चोवीस तास आधी कळवायचे आणि राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घ्यायचे नाही, असेही त्यात आहे. काकूंनी हे वर्तमानपत्रात वाचले आणि त्यांना हसू आले. त्यांच्या एका पानाच्या पत्रात यातले पुष्कळसे आधीच येऊन गेले होते. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले. आता अशी पत्रे स्पीड पोस्टाने पाठवावीत आणि पोच जपून ठेवावी.

त्या मुलाची २०१९ च्या नोव्हेंबरात पुण्याला बदली झाली. घर सोडण्याच्या दिवशी काकूंनी सगळ्या खोल्या पाहिल्या आणि डिपॉझिटचा पूर्ण रकमेचा चेक तिथेच हातात ठेवला. मुलीने वाकून नमस्कार केला. "काकू, एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली आहे," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार उघडले. आतल्या बाजूला एक जाड कागद चिकटवलेला होता. पाइपचे काम झाले त्या शनिवारी भिंत उघडी असताना तिने मापे घेऊन ठेवली होती. कोणत्या भिंतीतून पाणी जाते, कुठून विजेची तार जाते, फरशीपासून किती इंचांवर, हे तिने लाल आणि निळ्या पेनाने नीट काढले होते. खाली लिहिले होते, "इथे ड्रिल मारू नये."

एकवीस वर्षे त्या घराच्या मालकीण असलेल्या काकूंना त्या भिंतींत काय आहे, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळले. नव्या भाडेकरूंना किल्ली देताना त्यांनी आधी ते कपाट उघडून दाखवले.